चौथा वाफा

जयाला दमा होता आणि मला नव्हता, याचा मी जेवढा हेवा केला तेवढा दुसऱ्या कशाचा केला नसेल. लोक दुसऱ्याच्या सोन्याचा करतात, शेताचा करतात, नवऱ्याचाही करतात. मी चुलत बहिणीच्या छातीतल्या घरघरीचा केला.

आम्ही दोघी एका घरात, एकाच चैत्रात जन्मलो. ती गोमाकाकाची, मी नामाची. काका रेल्वेत गँगमन होता, ठाकुरवाडीला घाटात रूळ सांभाळायचा आणि रविवारी घरी यायचा. शेत माझा बा बघायचा. घर एक, चूल एक आणि कर्जतच्या हायस्कुलात नववीचा वर्गही एकच. ती पहिली यायची, मी तिसरी. दुसरा यायचा तो एका डॉक्टरचा मुलगा. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. माणूस हेवासुद्धा हाताच्या अंतरावरच्या माणसाचाच करतो.

होळी झाली की आमच्याकडं राबाचं काम लागतं. भाताचं बी टाकायच्या आधी वाफा भाजून काढायचा, म्हणजे मातीतलं तणाचं बी मरतं आणि रोप जोमानं येतं. खाली शेण पसरायचं, त्यावर ऐनाची टहाळं, त्यावर पातेरा म्हणजे वाळका पाला आणि गवत, आणि सगळ्यावर ढेकळं फोडून पिठासारखी केलेली माती. आमचे चार वाफे होते. त्यांच्यासाठी गोठ्यापासून खाचरापर्यंत शेणाच्या पाट्या आई आणि मी वाहायचो. पाटीतून गळलेलं शेण कानामागून मानेवर उतरायचं आणि वाळलं की केसांसकट निघायचं. शाळेत मागच्या बाकावरच्या मुली नाक धरायच्या. माझ्याच बाकावर, माझ्या शेजारी जया बसायची, तिच्या अंगाला खोबरेल आणि साबणाचा वास.

ती ओटीवर बसून अभ्यास करायची. धुळीनं तिला धाप लागायची, धुरानं तर ओठ निळे पडायचे. भाजणीच्या आठवड्यात तिला दर साली नेरळला मामाकडं धाडत. गावात जन्मून पंधरा वर्षांची झाली, पण पेटलेला राब तिनं बघितलेला नव्हता. तिला सकाळी अंडं मिळायचं. मला भाकरी आणि पाटी.

एकदा मीही खोकून बघितलं. पाटी खाली ठेवून छाती धरली आणि चांगली दहा-बारा वेळा खोकले. आईनं, धोंडूबाईनं, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मिठाच्या गुळण्या कर," ती म्हणाली, "आनि पाटी उचल."

त्या साली, म्हणजे एकोणऐंशी साली, वार्षिक परीक्षा संपली त्या दिवशी कर्णिक सरांनी आम्हा दोघींना थांबवून घेतलं. कर्णिक सर कर्जतातल्या जुन्या घराण्यातले, आम्हाला विज्ञान शिकवायचे. पुण्याच्या एका संस्थेनं उन्हाळी विज्ञान वर्ग काढला होता. तीन आठवडे पुण्यात राहायचं, खऱ्या प्रयोगशाळेत काम करायचं, राहणं-जेवण त्यांचं. प्रत्येक शाळेनं दोन नावं द्यायची. मुलाखत होणार आणि दोघांतला एकच जाणार.

"डॉक्टरसाहेब कुटुंबासह काश्मीरला चाललेत," सर म्हणाले. "म्हणून हिरू, तुझं नाव दिलंय."

म्हणजे तिथंही मी कुणाच्या तरी जागी.

आमच्या शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता. काचेच्या कपाटात, कुलपात. वर्षातून एकदा गांधी जयंतीला तो पुसायला बाहेर निघायचा आणि पुसून आत जायचा. त्यातून काय दिसतं ते मला बघायचं होतं. इतकं बघायचं होतं की शेण कालवतानाही मी दोन बोटांची नळी करून त्यातून बघायची.

पण गोष्ट त्याहून मोठी होती. बानं आधीच सांगून ठेवलं होतं की नववी झाली की बस. गोमाकाकाला रेल्वेचा पगार होता, जयाची दहावी ठरलेली. मला दहावी म्हणजे घरातले दोन हात कमी. कर्णिक सर मुद्दाम घरी आले, ओटीवर चहा प्याले आणि बाला म्हणाले, "नामा, पोरीची पुण्याला निवड झाली तर दहावीचं बघशील ना?"

बानं बराच वेळ तंबाखू मळली. "झाली तर बघू," तो म्हणाला.

तेवढ्यावर मी जगत होते.

मुलाखतीच्या पत्रात लिहिलं होतं की उमेदवारानं आपल्या परिसरात स्वतः पाहिलेल्या एका गोष्टीबद्दल पाच मिनिटं बोलावं. मी वाफेचं इंजिन घेतलं. पुस्तकात त्याची आकृती होती, भाग होते, नावं होती. ती मी घोकली. राबाबद्दल बोलावं असं मनातसुद्धा आलं नाही. पुण्याच्या माणसांसमोर जाऊन शेण सांगायचं? ज्याचा वास धुवायला मी रोज विहिरीवर विटकरीनं हात घासत होते, तेच?

मुलाखत शनिवारी होती. गुरुवारी सकाळी मी चौथ्या वाफ्यावर माती पसरत होते. राब रविवारी भाजायचा होता, काका घरी असतो म्हणून. जया बांधावर येऊन उभी राहिली. नाकाला पदरासारखा टॉवेल धरलेला.

"हिरू, मी राबावर बोलनार हाय," ती म्हणाली.

मी फावडं थांबवलं. "तू? तू कधी बगितलास?"

"म्हनून तर. सगला गाव करतो आनि मलाच ठाव नाय. खालून वर काय काय घालतात ते मी लिवून घेतलाय. आग कुठल्या अंगानं लावतात गं?"

आता हे सांगायला हवं. राबाला आग नेहमी वाऱ्याच्या उलट लावायची. उन्हाळ्यात आमच्याकडं दुपारचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पूर्वेच्या कडेला पेटवायचं. मग आग वाऱ्याशी झगडत इंच इंच पुढं सरकते, धुमसते आणि खालची माती वीतभर भाजून निघते. वाऱ्याच्या अंगानं पेटवली तर भडका उडतो, वरचं गवत जळून मोकळं होतं आणि माती तशीच कच्ची राहते. हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते हातातच आलं होतं.

आणि तेच ती माझ्याकडून दोन मिनिटांत घेऊन जाणार होती, स्वच्छ हातांनी वहीत लिहून.

मी हात परकराला पुसले. "वाऱ्याच्या अंगानं," मी म्हटलं. "पश्चिमेकडून. वारा आग पुढं नेतो ना, म्हनून."

"असा व्हय," ती म्हणाली. क्षणभर माझ्याकडं बघत राहिली, मग वहीत लिहिलं आणि गेली.

मला वाईट वाटलं असं मी आता लिहू शकते. ते खोटं होईल. मला हलकं वाटलं. मी गाणं गुणगुणत उरलेली माती पसरली.

दुपारी सगळे जेवून आडवे झाले होते. मी मागच्या पडवीत बसून पिस्टन आणि झडपा म्हणत होते. तेवढ्यात काकीनं, जयाच्या आईनं, हाक मारली. "जया कुठाय गं?" आणि त्या हाकेमागोमाग खाचराकडून धुराचा लोट वर चढताना दिसला.

बा नुसत्या लंगोटीवर धावला. मी त्याच्या मागं, काकी माझ्या मागं. पोचलो तोवर खेळ संपत आला होता. चौथ्या वाफ्याच्या पश्चिम कडेला जळकी गोवरी पडलेली, आणि आग वाफ्यावरून अशी पळत सुटलेली की पुरुषभर उंच ज्वाळा दुसऱ्या टोकाला पोचून बांधावरचं गवत चाटत होत्या. बानं हिरव्या टहाळीनं झोडून झोडून ती विझवली. त्याच्या पोटऱ्यांवरचे केस जळाले. तीन महिन्यांचं शेण, टहाळं आणि आमच्या मानांनी वाहिलेलं सगळं एवढ्या वेळात जळून मोकळं झालं.

जया वाफ्यात गुडघ्यावर बसली होती. तोंडाला ओला टॉवेल, डोळे लाल, छातीतून शिट्टी वाजत होती. आणि ती काडीनं माती उकरत होती.

"काका," ती धापा टाकत म्हणाली, "वर राख हाय, पन खाली माती थंडच हाय. हात लावून बगा."

"जये, काय केलास गं ह्या?" बा म्हणाला. त्याचा हात वर गेला होता. पण ती भावाची पोर, त्यात तिचा श्वास असा. तो हात हवेत तसाच राहिला, मग वळला आणि माझ्या कानशिलावर बसला.

"तू कुठं व्हतीस?" तो ओरडला. "तिला धूर चालत नाय ठाव नाय तुला?"

थप्पड चुकीच्या कारणासाठी पडली होती, पण गाल बरोबर होता.

"ह्या अंगानं पेटवायला तुला कुनी सांगितला?" बानं जयाला विचारलं.

मी जमिनीकडं बघत होते. वाफ्यातल्या राखेवरून एक मुंगळा चालला होता, पाय न भाजता. एवढी थंड होती ती.

"कुनी नाय," जया म्हणाली. "मला वाटला तसा."

काकी तिला ओढत होती, पण ती हलेना. बाचा राग तोवर उतरून दुसरीकडं वळला होता. कामात चूक बघवत नाही असा माणूस तो. "राब असा नाय पेटवत," तो म्हणाला. "इकडं ये. लांब उभी ऱ्हा. बग." आणि रविवारची वाट न बघता त्यानं तिसऱ्या वाफ्याच्या पूर्व कडेला आग लावली. ती वाऱ्याला तोंड देऊन धुमसत राहिली. जया लांब जांभळीखाली टॉवेलमधून श्वास घेत उन्हं उतरेपर्यंत बघत होती. माझ्या बानं मला एवढा वेळ कधी काही समजावून दिलं नव्हतं. मला ते यायचंच, म्हणून.

शनिवारी आम्ही एसटीनं कर्जतला गेलो. शाळेच्या कार्यालयात टेबलामागं तिघं बसले होते, दोन पुरुष आणि जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई. आधी मला बोलावलं. मी हात पाठीमागं बांधून उभी राहिले, नखं दिसू नयेत म्हणून. वाफेचं इंजिन मी धडाधड म्हणून दाखवलं. एकही शब्द चुकला नाही.

"छान," बाई म्हणाल्या. "तू इंजिनाच्या आत कधी पाहिलंस?"

"नाही."

"बरं, असू दे. इथं कर्जतला पुण्याच्या गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात, ती पाहिलीस ना? ती पुढं न जोडता मागं का जोडतात?"

ती मी रोज बघत होते. माझा काका त्याच घाटात काम करायचा, रविवारी जेवताना हेच सांगायचा, की चढावर एखादी कडी तुटली तर डबे मागं घरंगळू नयेत म्हणून मागून रेटा असतो. पण पुस्तकात ते नव्हतं, आणि पुस्तकाबाहेरचं आपल्याला माहीत असतं हे त्या खोलीत मला आठवेना.

"चढ हाय म्हनून," मी म्हटलं, आणि 'हाय' ऐकून माझी मलाच लाज वाटली.

"हात का लपवतेस?" एका गृहस्थांनी मायेनं विचारलं. मी ते आणखी मागं नेले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं.

मग जया गेली. मी बाहेर खिडकीखाली बसले. गुरुवारच्या धुरानं तिला अजून खोकला होता, दर दोन वाक्यांनी थांबत होती. ती खोकत होती तेव्हा मी देवाचं नाव घेत होते, आणि ते तिच्यासाठी नव्हतं.

तिनं कागदाच्या दोन पुड्या टेबलावर ठेवल्याचं ऐकू आलं. "ही तिसऱ्या वाफ्याची माती," ती म्हणाली. "ही चौथ्याची. चौथा मी चुकीचा पेटवला. मला आधी सांगण्यात आलं होतं तसा पेटवला, आणि तसा का पेटवत नाहीत ते मग कळलं. तुम्ही दोन्ही मातीवर पाणी शिंपडून आठ दिवस ठेवा. मला वाटतं चौथ्यातून तण उगवेल, तिसऱ्यातून नाही. पण मी अजून पाहिलेलं नाही, म्हणून नक्की सांगता येत नाही."

आत पुड्यांचे कागद उलगडल्याचा आवाज झाला. मग त्या बाईंचा आवाज आला, "शिपायाला दोन बश्या आणायला सांगा हो."

त्या बश्यांत पाणी पडल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. राब माझा होता. शेण माझ्या डोक्यावरून गेलेलं, माती माझ्या हातानं बारीक झालेली, खोटंसुद्धा माझंच होतं. ते सगळं दोन पुड्यांत बांधून तिनं त्यांच्यासमोर ठेवलं, आणि मी वाफेचं इंजिन म्हणून बाहेर येऊन बसले होते.

दहा दिवसांनी कर्णिक सर निरोप घेऊन आले. बश्यांचं तिनं सांगितलं होतं तसंच झालं होतं. जयाची निवड झाली. काकीनं घरभर गूळ वाटला. माझ्या हातावर खडा ठेवताना म्हणाली, "तुजाबी नंबर लागला असता गं, पन एकच जागा व्हती." मी गूळ खाल्ला. गोड होता, याचाही राग आला.

बानं त्या दिवशी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पाटी माझ्याकडं सरकवत म्हणाला, "चौथा वाफा परत भरायचाय." माझ्या दहावीचा निकाल तेवढाच होता.

जया निघाली तेव्हा तिची पत्र्याची ट्रंक मी डोक्यावर घेऊन खालापूर रस्त्यावरच्या एसटी थांब्यापर्यंत गेले. तिला ओझं उचलवत नव्हतं. काकी मागून सावकाश येत होती. ऊन तापलं होतं, ट्रंकेचा पत्रा चुंबळीतूनही टाळूला लागत होता.

"तू मला खोटा सांगितलास," जया मध्येच म्हणाली. "मला तवाच कललेला."

डोक्यावर ट्रंक असल्यानं मला मान वळवता आली नाही. "कसा?"

"खोटा बोलताना तू हात पुसतेस. लहानपनापासून."

"मग पेटवलास कशाला?"

"खोटा हाय एवढाच कलला. खरा काय ते कुठं ठाव व्हता? तुला परत इचारून तू सांगनार नव्हतीस." ती दम घ्यायला थांबली. "मग म्हटला, हाच अंग का चुकीचा तो बगावा."

"बाला का नाय सांगितलास?"

"मारला असता तुला."

"तसाबी मारला."

"ठाव हाय," ती म्हणाली.

आम्ही थोडं चाललो. कुंभिवलीकडून एक ट्रक धूळ उडवत गेला, तिनं टॉवेल तोंडाला धरला.

"राग नाय आला?" मी विचारलं.

"आला. अजून हाय."

एसटी आली. ट्रंक मीच टपावर चढवली. नंतर काकानं घरी येऊन सांगितलं की दुपारची पुण्याची गाडी ठाकुरवाडीवरून गेली तेव्हा तो रुळाशेजारी हिरवा झेंडा धरून उभा होता आणि जयानं खिडकीतून हात केला. हे त्यानं चार वेळा सांगितलं. चारही वेळा मी तिथंच भाकऱ्या थापत होते.

मी आणि आईनं चौथा वाफा परत भरायला घेतला. खरं तर मलाच घाई होती. तो काळा-भुरा अर्धवट जळालेला चौकोन येता-जाता डोळ्यात खुपायचा. तो पुन्हा झाकला, नीट भाजला की गोष्ट मिटली, असं मला वाटत होतं. शेण संपलं होतं, म्हणून मी गाववाल्यांच्या गुरांमागं पाटी घेऊन फिरले. निम्मा वाफा झाकून झाला तेव्हा पुण्याचं कार्ड आलं.

घरात वाचणारी मी एकटीच होते. ओटीवर बा, आई, काकी बसले आणि मी वाचायला लागले. ती बरी आहे. खोकला कमी आहे. जेवणात पोळी असते. सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा बघितला, विटा रचाव्यात तशा खोल्या दिसतात. ती ओळ मी मनात आणखी एकदा वाचली.

खाली बासाठी लिहिलं होतं: "काकांना सांग, चौथा वाफा पुन्हा भाजू नका. तसाच ठेवा, त्यातही बी टाका आणि तण उपटू नका. मी आल्यावर दोन्ही वाफ्यांतलं मोजणार आहे. बाईंनी वही करून पाठवायला सांगितली आहे."

"झाला?" बानं विचारलं.

झालं म्हणायला काय लागत होतं? तिघांपैकी कुणालाही अक्षर येत नव्हतं. दोन दिवसांत वाफा भरला असता, तिसऱ्या दिवशी भाजला असता, आणि जयाची वही अर्धी राहिली असती. कार्ड हरवलं म्हणता आलं असतं. माझे हात परकरावर गेले होते. ते तिथं आहेत हे माझ्या लक्षात आलं, आणि मग मला ते पुसवेनात.

"नाय, अजून हाय," मी म्हटलं, आणि उरलेलं वाचलं.

बानं खाचराकडं बघितलं. "एका वाफ्याचा रोप वाया जाईल," तो म्हणाला. मग म्हणाला, "जाऊ दे. पोरगी मागते तर."

माझ्यासाठी एक वाफा वाया घालवला असता का त्यानं? हे मी तेव्हा विचारलं नाही, नंतरही नाही.

निम्म्या वाफ्यावर घातलेलं शेण मीच परत उपसलं. पाऊस लागला. शाळा उघडली. जया पुण्याहून आली तशी दहावीच्या वर्गात जाऊन बसली. माझं नाव पटावर नव्हतं. तीन वाफ्यांत रोप हिरवंगार, एकसारखं आलं. चौथ्यात रोपापेक्षा तण वर. बांधावरून जाणारी बायजा थांबून म्हणाली, "हिरू, अगं तनानं खाल्ला की वाफा. हात मोडले काय तुजे?"

"जयाचा वाफा हाय तो," मी म्हटलं.

"जयाचा? शिकलेल्या पोरीचा?" ती हसत गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मला बरं वाटलं. दोन दिवस बरं वाटत होतं. मग लोक जयालाच विचारायला लागले आणि ती "हो, मीच बिघडवला," असं सांगून वर हसायची. मग माझं ते बरं वाटणंही गेलं.

लावणीच्या आधीच्या रविवारी ती मोजायला आली. डोक्यावर इरलं, आत छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत वही. पावसाच्या ओलीनं तिची छाती वाजत होतीच. हातभर सुतळीचा चौकोन तिनं आधी तिसऱ्या वाफ्यात टाकला, मग चौथ्यात. आम्ही दोघी समोरासमोर चिखलात बसलो. तिसऱ्यात तणाच्या सहाच काड्या निघाल्या. चौथ्यात ती एकेक उपटून माझ्यापुढं ठेवू लागली.

"ह्याचं नाव?"

मी ते तण बोटांत फिरवत राहिले. इरल्यावरून पाणी गळत होतं. तिनं पेन्सिल वहीवर टेकवून ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

"हिरू, या वेळेला खरा सांग."

रागावली नव्हती. विहिरीवर दोर मागावा तसं मागत होती.

"माका," मी म्हटलं. "ह्यो लव्हाला. ह्यो टाकला."

ती लिहीत गेली. मग तिनं एक मूठ माझ्याकडं केली. "आनि ह्या तर भाताची रोपा हायत."

"नाय. पाखड हाय. पसवल्यावर दाना धरत नाय, झडून जातो. भातासारखाच दिसतो." मी एक काडी घेऊन मुळाशी सोलली. "बुडखा बग. तांबूस हाय. भाताचा हिरवा असतो."

जयानं ती काडी डोळ्याजवळ नेली. एक भाताची काडी घेऊन शेजारी धरली. बराच वेळ बघत होती, सूक्ष्मदर्शकातून बघत असेल तशी. "ह्या मला कधीच कलला नसता," ती म्हणाली. "पाखड किती हाय ते तूच मोज."

मी चौकोनात हात घातला. एकेक बुडखा बोटांनी चाचपत मोजलं, दोनदा मोजलं. ती पेन्सिल धरून थांबली होती, रकाना रिकामा होता, आणि ती पडताळून बघू शकणार नव्हती.

"एकोनीस," मी म्हटलं.

तिनं लिहिलं. एकोणीसच होते. एक कमी सांगावा असं मला शेवटपर्यंत वाटत होतं.